पॉवर वीडर आणि पॉवर टिलर: घरच्या घरी दुरुस्ती आणि देखभाल

वाडीतला

मृग तोंडावर आला की तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक गॅरेजसमोर गवत काढणाऱ्या वीडरची आणि मशागतीच्या टिलरची रांग लागते. मेकॅनिकला जेवायची फुरसत नसते, आणि आपला नंबर लागेपर्यंत इकडे शेतातला वाफसा निघून जातो. मशीन उघडल्यावर बहुतेक वेळा निघतं काय? कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) सुकलेलं पेट्रोल, मातीने गच्च झालेला एअर फिल्टर, नाहीतर पात्यांच्या शाफ्टला गुंडाळलेली ठिबकची नळी. ही तिन्ही कामं घरच्या अंगणात, चार पान्हे आणि एक प्लगपान्हा हाताशी असला तर होतात. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः हात काळे केलेत त्यांनी लिहावं, ज्यांचं मशीन अडलंय त्यांनी विचारावं.

माझ्याकडे वाडीसाठी सात एचपीचा पेट्रोल वीडर आहे आणि भाताच्या चिखलणीला डिझेलचा टिलर. सुरुवात पेट्रोलपासून करतो, कारण सगळ्यात जास्त मशीनं तिथेच अडतात.

पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळी हवेत टाकी अर्धी भरलेली ठेवली तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, वर पेट्रोल तरंगतं, आणि कार्बोरेटरची वाटी तर टाकीच्याही खाली असते. मग वाटीला आतून पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. कितीतरी छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं आहे. पंपावर निवड करायला फारसा वाव नाही, मग आपल्या हातात एकच उरतं: पेट्रोल साठवू नका. काम संपलं आणि मशीन पंधरा-वीस दिवस उभं राहणार असेल तर टाकीखालचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग वाटीच्या तळाचा छोटा स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल डब्यात काढा. इतकं केलं तर पुढच्या हंगामात दोरी ओढून खांदा दुखणार नाही.

ऑइलबद्दल. इंजिन सपाट जागेवर उभं करून ऑइल बघा, वीडर दांड्यावर मागे कललेला असताना नाही. बऱ्याच छोट्या इंजिनांत ऑइलची पट्टी आटे न फिरवता नुसती आत टेकवून बघायची असते, तुमच्या पुस्तिकेत काय सांगितलंय ते एकदा वाचा. नव्या मशीनचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पहिल्या वीस तासांचं ऑइल चुकवू नका. नवीन इंजिनमधून निघालेला धातूचा बारीक चुरा त्यातच असतो आणि या इंजिनांत ऑइल फिल्टर नसतो. ऑइल लागतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर.

आणि काहीही उघडायच्या आधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. पाती हाताने फिरवली की इंजिनही फिरू शकतं.

माणगंगा

फार वेळेवर धागा काढलात. आमचं मशीन याच घडीला अडलंय. आटपाडीकडे डाळिंबाची बाग आहे. दीरांनी दिवाळीनंतर वीडर चालवून शेडमध्ये लावून ठेवला, आत्ता काढला. चोक ओढला की दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतो, पण चोक मागे घेतला की फडफडून मरतो. अर्ध्या चोकवर चालतो, पण आवाज वर-खाली होत राहतो. प्लग नवीन घातलाय, ऑइल बरोबर आहे. कार्बोरेटर उघडायची माझी तयारी आहे, फक्त कुठून सुरू करू ते सांगा.

फिटरकाका

माणगंगाताई, तुम्ही जे लिहिलंत त्यातच निदान आहे. चोक लावला म्हणजे हवा कमी झाली. हवा कमी केल्यावर चालतं आणि हवा सोडली की मरतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं तो, बुजलाय. आवाज वर-खाली होतो तो स्लो जेटचा, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या जेटचा त्रास. इंजिन उपाशी पडलं की वेग सांभाळणारा गव्हर्नर ॲक्सिलरेटर उघडतो, वेग वाढला की मिटतो, असा खेळ चालू राहतो.

काम असं करा. पेट्रोलचा कॉक बंद. कार्बोरेटरच्या वाटीखाली बोल्ट असतो, बहुतेक दहा नंबरचा. खाली स्टीलची वाटी धरा, बोल्ट काढा, येणारं पेट्रोल त्या वाटीत घ्या आणि उन्हात नीट बघा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे थेंब होऊन बसतं. गंज असेल तर टाकीतून आलाय, तो टाकी धुतल्याशिवाय थांबायचा नाही.

वाटी काढली की मधल्या नळीत खालून पितळी मेन जेट दिसेल. त्याच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. लहान टोकाने काढायला गेलात तर पितळ सोलून निघतं आणि मग तो जेट कायमचा अडकतो. जेट निघाला की त्याच्यामागची भोकाभोकाची नळीही खाली पडते, ती हरवू नका. दोन्ही उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. बुजलं असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार काढून तिने साफ करा. स्टीलची सुई, टाचणी, दाभण काही नको. भोक कणभर मोठं झालं तरी मशीन कायम काळा धूर सोडत पेट्रोल पिणार.

स्लो जेट वेगळा असतो, आयडल स्क्रूच्या शेजारी. बऱ्याच इंजिनांत त्याचं डोकं काळ्या प्लॅस्टिकचं असतं, तो वर ओढून निघतो. त्याचं भोक केसाएवढं. तो कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने उडवा, मग ज्या छिद्रातून तो निघाला तिथेही नळी लावून फवारा. डोळ्यांना चष्मा लावा, उलटा उडतो. वाटीची रबरी रिंग क्लीनरमध्ये भिजवू नका, फुगली की परत खाचेत बसत नाही. फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगणारा डबा, कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट बदलायचा.

परत बसवायच्या आधी कॉक डब्यावर उघडून बघा. धार न तुटता पडली पाहिजे.

काळीमाती

फिटरकाकांचं उत्तर जपून ठेवण्यासारखं आहे. मी एअर फिल्टरबद्दल लिहितो. आमच्याकडे परभणीत एप्रिल-मे महिन्यात कपाशीच्या रानात वीडर घातला की इंजिन दिसेनासं होतं इतका फुफाटा उडतो. पेट्रोलमुळे मशीन अडतं, पण धुळीमुळे मशीन मरतं. फिल्टरच्या कडेने धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडर घासले जातात, आणि तो खर्च अर्ध्या इंजिनाचा असतो.

स्पंजचा फिल्टर असेल तर कपडे धुवायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, तळव्यात दाबा. सावलीत पूर्ण सुकवा. मग इंजिन ऑइलचे थेंब टाकून पुन्हा दाबून जास्तीचं काढा. ऑइल नसलेल्या स्पंजातून धूळ सरळ पार होते, आणि लोक नेमकं हेच विसरतात. आतला कागदी फिल्टर कधीच धुवायचा नाही. हळू आपटायचा किंवा आतून बाहेर हलकी हवा मारायची. सूर्याकडे धरला आणि उजेड आला नाही तर नवीन घाला. डबल फिल्टर नसेल तर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी उघडून बघत जा. पुस्तिकेत पन्नास तास लिहिलेले असतात, पण ते साध्या हवेसाठी.

झाकणाचा नट हाताने घट्ट झालाय ना हेही बघा. झाकण ढिलं असेल तर फिल्टर असून नसल्यासारखा.

रानवारा

एक शंका. आमच्या गावात एक जण पेट्रोलमध्ये थोडं टूटी (टू स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालतो, म्हणतो इंजिन नरम चालतं. घालावं का? आणि इंजिनमध्ये २०डब्ल्यू-४० चालतं का? दुकानदार तेच देतो, पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलंय.

फिटरकाका

टूटी ऑइल कुठल्या इंजिनासाठी आहे ते आधी बघा. ज्या मशीनला ऑइलची वेगळी पट्टी आणि वेगळं तोंड आहे ते फोर स्ट्रोक. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल घातलं तर प्लग काळा होतो, एक्झॉस्टमध्ये कार्बन धरतो, फायदा काहीच नाही. बावन्न-त्रेसष्ट सीसीचे छोटे खांद्यावरचे किंवा हातातले वीडर येतात ते टू स्ट्रोक. त्यांना ऑइल घातल्याशिवाय चालवलंत तर पिस्टन जाम होणार. त्यांच्या पुस्तिकेत प्रमाण छापलेलं असतं: ५०:१ म्हणजे लिटरला वीस मिली, ४०:१ म्हणजे पंचवीस मिली. बाटलीत मोजून घाला, अंदाजाने नाही. आणि दोन्ही मशीनं घरात असतील तर दोन वेगळ्या रंगाचे डबे ठेवा.

२०डब्ल्यू-४० चं म्हणाल तर, मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात ते चालतं. १०डब्ल्यू-३० वर्षभर सगळ्या हवेत चालतं, एवढाच फरक. थंडीत पहाटे जाड ऑइलावर दोरी जड जाते. ग्रेडपेक्षा ऑइल वेळेवर बदललं की नाही याला मी दहापट महत्त्व देतो.

काळीमाती

काका, यात माझं थोडं वेगळं मत आहे. शंभर तास हे पुस्तकी. चाळीस-बेचाळीस डिग्रीत, पहिल्या गिअरमध्ये, काळ्या रानात दिवसभर ओढ असेल तर मी पन्नास तासांवर ऑइल काढतो. काढलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ आणि डांबरासारखं काळं असतं. अर्धा लिटरची किंमत किती, आणि क्रँकची किती?

फिटरकाका

बरोबर आहे, तुमच्या रानाला पन्नासच धरा.

वाडीतला

आता पात्यांबद्दल, कारण गिअर बॉक्सचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं. ठिबकची लॅटरल, मल्चिंग पेपर, सुतळी, खताच्या गोणीचे धागे, हरळी, सगळं शाफ्टला गुंडाळतं आणि हळूहळू पात्यांच्या हबमागे सरकत ऑइल सीलपर्यंत, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगपर्यंत जातं. नायलॉनचा बारीक धागा तर चाकूसारखा सीलचं ओठ कापतो. मग गिअर बॉक्समधलं ऑइल गळतं, त्याच वाटेने माती-पाणी आत जातं. ऑइल काढल्यावर दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, आणि दुधी ऑइलवर बेअरिंग फार दिवस काढत नाही.

म्हणून दर दिवशी काम संपलं की इंजिन बंद, प्लगची टोपी काढून, मशीन पुढे टेकवून विळ्याने गुंडाळा कापून काढा. आठवड्यातून एकदा चावी (पाती शाफ्टला धरून ठेवणारी पिन) काढून पात्यांचा सेट शाफ्टवरून बाहेर ओढा आणि सीलजवळ बघा. शाफ्टला ग्रीस लावून परत घाला, नाहीतर गंजाने तो हब असा धरतो की हातोडीशिवाय निघत नाही.

मशीन कलंडवताना एक लक्षात ठेवा: कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहिला पाहिजे. उलट कलंडवलं तर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलेंडरमध्ये येतं. नंतर सुरू केल्यावर निळा धूर निघतो आणि दोरी अडकते. असं झालंच तर प्लग काढून दोरी ओढा, ऑइल बाहेर उडू द्या, मग प्लग पुसून लावा. प्लग काढलेला असताना तोंड त्या भोकासमोर धरू नका.

पाती बसवताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला. डावी-उजवी पाती वेगळी असतात आणि पुष्कळदा दुरुस्तीनंतर उलटी बसतात. मग मशीन माती कापत नाही, नुसतं उड्या मारत पुढे पळतं. झिजलेलं एकच पातं बदललं तर थरथर येते, म्हणून जोडी बदला. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून झिजलेल्या पात्याला पट्टी लावून घेतली तर उष्णतेने मूळ पोलादाचा कडकपणा जातो आणि ते जोडाशेजारीच तुटतं. दगडाळ जांभ्याच्या जमिनीत तर पहिल्याच दिवशी.

जाता जाता: जिथे लव्हाळा किंवा हरळी आहे तिथे वीडर घालून ती संपेल अशी आशा धरू नका. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी तुकडे होऊन सगळ्या रानात पसरतात. तिथे आधी वेचणी, मग वीडर.

माणगंगा

काका, कार्बोरेटर उघडला. वाटीत तळाला पाण्याचे गोळे होते आणि मेन जेटचं अर्धं भोक बंद. तांब्याच्या तारेने साफ केलं, स्लो जेटही निघाला. बसवल्यावर दुसऱ्या दोरीला सुरू, चोक काढला तरी एकसारखं चाललं. घरातले सगळे बाहेर येऊन बघत होते!

पण आता नवीन त्रास. बागेत नेलं की थोडा वेळ व्यवस्थित चालतं, मग दम तुटल्यासारखं होऊन बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. कॉकची धार तुम्ही सांगितल्यासारखी बघितली होती, चांगली होती.

फिटरकाका

शाब्बास. अर्ध्याहून जास्त काम झालं.

धार बघताना टाकीचं झाकण उघडं होतं की बंद? पुढच्या वेळी बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा. आत हवा गेल्याचा "फुस्" आवाज आला आणि मशीन लगेच सुरू झालं, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली जातं, वर हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि धार तुटते. थोडा वेळ थांबलं की हवा कशीबशी शिरते आणि पुन्हा चालतं.

माणगंगा

झाकण बंद होतं आणि कॉक फक्त क्षणभर उघडला होता. उद्या बघते.

काळीमाती

काका, तसाच एक प्रश्न माझा. माझं मशीन थंड असताना एका दोरीत सुरू होतं. तापल्यावर बंद केलं तर तासभर सुरू होत नाही. टाकीचं झाकण बघितलं, ठीक आहे. ठिणगी पण येते.

फिटरकाका

तापल्यावर दोरी हलकी जाते का? जात असेल तर वाल्वचं अंतर बघा. एक्झॉस्ट वाल्व वर्षानुवर्षं बसत जातो आणि अंतर संपतं. थंड असताना कसाबसा मिटतो, तापल्यावर लांबतो आणि पूर्ण मिटतच नाही, मग कॉम्प्रेशन नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना वाल्वचं झाकण काढा. प्लग काढून दोरी हळू ओढत पिस्टन वर आणा, दोन्ही वाल्व मिटलेले हवेत. फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) अंतर बघा. १६० ते २१० सीसीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत इनलेटला ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी असतं, पण तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेतून घ्या. लॉकनट सैल करून मधला नट फिरवायचा, पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे, मग लॉकनट आवळून पुन्हा एकदा मोजायचं. आवळताना अंतर हलतं.

दोरी तापल्यावरही जडच असेल तर ठिणगी तयार करणारी कॉइल बघा. तापली की काही कॉइल ठिणगी सोडतात. मशीन गरम असतानाच ठिणगी तपासा, थंड झाल्यावर तपासून उपयोग नाही. आणि ठिणगी बघताना प्लगचं भोक चिंधीने बंद ठेवा, जवळ पेट्रोलची वाफ नको.

मानशीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे खाजनात (खाडीकाठच्या खारट जमिनीत) भाताची शेती, चिखलणीला डिझेल टिलर. वरच्या सगळ्या चर्चेत पेट्रोलच आलं, म्हणून डिझेलचं लिहितो.

डिझेल इंजिनाचं बंद पडण्याचं पहिलं कारण टाकी कोरडी पडणं. नळीत हवा शिरली की नुसतं डिझेल भरून ते सुरू होत नाही, हवा काढावी लागते. टाकी भरा, कॉक उघडा. फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचा बोल्ट तसाच. शेवटी इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण ठेवून हँडल फिरवा. चिळकांड्या यायला लागल्या की आवळा. या वेळी डिकॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून ठेवला तर हँडल हलकं फिरतं.

इंजेक्टर बाहेर काढून फवारा बघायचा मोह होतो. त्याच्यासमोर हात कधीही धरू नका. तो दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी डॉक्टरकडे जायचं.

दुसरं, ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे भांड्यातल्या ऑइलमध्ये धूळ पकडणारा फिल्टर. भांड्यात खुणेपर्यंतच ऑइल. जास्त घातलं तर इंजिन ते ऑइल ओढून त्यावरच धावायला लागतं, ॲक्सिलरेटर बंद करूनही वेग वाढतच जातो. अशा वेळी कॉक बंद करून काही होत नाही. हवेचं तोंड लाकडी फळीने किंवा जाड ओल्या पोत्याने गच्च दाबायचं, हाताने नाही. म्हणून चिखलणीच्या दिवसांत आम्ही एक फळी बांधावर ठेवतोच.

खाजनाचा चिखल खारा. संध्याकाळी गोड्या पाण्याने टिलर धुतला नाही तर केज व्हीलच्या (चिखलात चालायच्या लोखंडी पिंजऱ्यासारख्या चाकांच्या) वेल्डिंगपासून गंज सुरू होतो. पण प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, सीलच्या ओठातून पाणी आत ढकललं जातं. बादली, काथ्या आणि नंतर ग्रीसगन.

दूरदेशी

न्यू जर्सीत परसात मिरच्या, वांगी, मेथी लावतो, माझ्याकडे पुढे पाती असलेला छोटा टिलर आहे. इथे पंपावर साधारण ई१० मिळतं, तरी तोच त्रास. ऑक्टोबरमध्ये मशीन आत जातं ते एकदम एप्रिल-मेमध्ये बाहेर येतं. इथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल डब्यात विकत मिळतं, महाग असतं. मी हंगामाचं शेवटचं काम त्याच्यावर करतो आणि मग वाटी रिकामी करतो.

एक भर घालतो. काही टिलरच्या शाफ्टला शीअर पिन असते, दगड लागला की ती तुटावी आणि गिअर वाचावा म्हणून मुद्दाम मऊ धातूची. ती तुटली की तिच्या जागी हाताशी असलेला पोलादी बोल्ट घालू नका. पुढच्या दगडाला गिअर तुटतो.

रानवारा

माझं मशीन जमिनीत घातलं की पाती थांबतात, इंजिन मात्र जोरात चालू राहतं. बेल्टचं मशीन आहे.

वाडीतला

बेल्ट घसरतोय. क्लच दाबून धरल्यावर बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा, जास्त दबला तर केबलच्या ॲडजस्टरचा नट फिरवून ताण वाढवा. सगळा ॲडजस्टर संपला असेल तर बेल्ट लांबलाय, नवीन घ्या. नंबर बेल्टच्या पाठीवर छापलेला असतो, पुसला गेला असेल तर जुना बेल्टच दुकानात न्या. बेल्टच्या कडा चकचकीत काचेसारख्या झाल्या असतील तर ताण वाढवून काही होणार नाही. आणि पुलीला ऑइल लागलंय का बघा. ऑइल असेल तर ते कुठून गळतंय ते आधी शोधा.

शेतावरची

इतका वेळ वाचत होते. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कितीतरी ठिकाणी क्लचचा दट्ट्या सुतळीने किंवा रबराने बांधून ठेवलेला दिसतो. सारखा दाबून बोटं दुखतात म्हणून बांधतात. तो दट्ट्या हात सुटला की पाती थांबावीत म्हणूनच दिलेला आहे. माणूस घसरून पडला आणि दट्ट्या बांधलेला असला तर मशीन त्याच्या अंगावर येतं. दुरुस्तीला आलेल्या मशीनवर ही सुतळी दिसली तर आधी ती कापा, मग बाकीचं. बोटं दुखत असतील तर केबलला ऑइल सोडा, जुनी केबल आत गंजून जड झालेली असते. नवीन केबल स्वस्त असते.

दुसरं, पाती फिरत असताना रिव्हर्स गिअर टाकायचा नाही. मागे झाड, बांध किंवा कुंपण असलं तर माणूस मध्ये अडकतो. वळताना पाती बंद, मग मागे. शेतात मजुरीवर चालवणाऱ्या पोराला हे मशीन हातात द्यायच्या आधी सांगा, करून दाखवा. पायात चप्पल नको, जाड बूट हवेत. साडीचा पदर, ओढणी, गमछा खोचलेला हवा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून दुरुस्ती करू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फिटरकाका

ताई, हे सगळ्यात वर असायला हवं होतं. धागाकर्त्यांनी मूळ लेखात घालावं ही विनंती.

वाडीतला

संपादन करून वर घालतो. मनापासून आभार.

माणगंगा

फुस् असा आवाज आला काका! झाकण सैल केलं आणि लगेच सुरू. झाकणाच्या आतली चकती काढली तर मधलं छिद्र मातीने भरलेलं होतं. धुऊन, फुंकून बसवलं. काल सकाळपासून दोन ओळींतलं सगळं गवत काढून झालं, एकदाही बंद पडलं नाही.

आता वाडीतला यांनी लिहिल्यासारखा पात्यांचा सेट काढून बघितला. डाव्या बाजूला नळीचा गुंडाळा होता आणि सीलजवळ ऑइल ओलं दिसतंय. सील मीच बदलू शकते का?

फिटरकाका

हो. गिअर बॉक्स उघडायची गरज नाही, बाहेरून निघतं. आधी गिअर बॉक्सचं ऑइल काढा, त्याचा रंग बघा. मग सीलवर जो नंबर आहे तो कागदावर लिहून घ्या. तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. उदाहरणार्थ २५-४०-७ म्हणजे पंचवीसचा शाफ्ट, चाळीसचं घर, सात जाड. हा नंबर सांगितला की बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात सील मिळतं, कंपनीच्याच दुकानात जायला नको. नंबर मातीत झिजला असेल तर जुनं सील बरोबर न्या.

जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. शाफ्टवर सीलच्या ओठाने खाच पाडली आहे का, नख फिरवून बघा. खाच लागली तर नवीन सील एक-दोन मिमी कमी आत बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसेल. स्प्रिंग असलेली बाजू आत, ऑइलकडे. ओठाला ग्रीस लावा, आणि शाफ्टची चावीची भोकं आणि कडा चिकटपट्टीने झाका, नाहीतर सील घालतानाच फाटतं. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या, त्याच्यावर हातोडीने हळूहळू चारी बाजूंनी सारखं बसवा.

गिअर बॉक्समध्ये बहुतेक वीडरना नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं, काहींना इंजिन ऑइलच लागतं. पुस्तिका बघून घ्या.

माणगंगा

पुस्तिकेत नव्वदच लिहिलंय. किती घालायचं ते पान फाटलंय.

फिटरकाका

गिअर बॉक्सच्या बाजूला एक छोटा बोल्ट असेल, तो लेव्हलचा. मशीन सपाट उभं करा, तो बोल्ट काढा आणि वरच्या तोंडातून ऑइल घालत राहा. बाजूच्या भोकातून ऑइल झिरपायला लागलं की थांबा आणि बोल्ट लावा. वॉशर तांब्याचा असेल तर नवीन घाला.